चढाला आप्पांच्या छातीत आवळतंय, बसलं की जातंय. ईसीजी नॉर्मल आलाय, तरी गप्प बसावं का?

वडगावची_लेक

नमस्कार मंडळी, पोस्ट जरा मोठी होणार आहे, समजून घ्या. माझे आप्पा ६३ वर्षांचे, निपाणीजवळच्या खेड्यात असतात, मी लग्न होऊन बेळगावात वडगावला. आप्पांनी जन्मभर तंबाखूच्या वखारीत हमाली केली, आता थोडा ऊस आणि दोन म्हशी आहेत. बिड्या ओढायचे, त्या चार वर्षांपूर्वी सोडल्या पण तंबाखू-चुना अजून चालूच. बीपीची गोळी आहे, ती आठवण आली तर घेतात.

दिवाळीपासून असं व्हायलंय की शेतावरनं येताना ओढ्याच्या वरच्या चढाला आले की छातीच्या मधोमध गच्च आवळतं. दुखतंय असं ते म्हणतच नाहीत, "कुणीतरी छातीवर पोतं ठेवल्यागत हुतंय" म्हणतात. डाव्या खांद्यात आणि जबड्यात पण ओढ लागते. बांधावर टेकले की तीन-चार मिनिटांत कमी होतं, मग उठून चालत घरी. डोक्यावर वैरणीचा भारा असला की लवकर होतं, पहाटेच्या थंडीत जास्त, आणि जेवून लगेच निघाले तर हमखास. सपाटीला हळूहळू चालले तर काहीच नाही. घरात सगळे म्हणतात गॅस आहे. भाऊ सोडा आणून देतो, आप्पा बसून सोडा पितात, बरं वाटतं, आणि सगळ्यांना वाटतं सोड्यानंच गेलं. पण बसल्यावर ते तसंही जातंच की, हे कुणाला पटवून सांगू?

गेल्या आठवड्यात मी हट्टानं ईसीजी काढायला लावला, नॉर्मल आला. आता आप्पा तो कागद घेऊन गल्लीभर दाखवायलेत की माझं हार्ट चांगलं आहे. मला मात्र रात्री झोप नाही. मी उगाच घाबरतेय का? कुणाच्या घरात असं झालं असेल तर सांगा.

खानापूरचे_गुरुजी

पोरी, उगाच घाबरत नाहीयेस. तू जे लिहिलंयस ते वाचताना माझीच गोष्ट वाचतोय असं वाटलं म्हणून लगेच लिहायला बसलो.

अकरा वर्षांपूर्वी शाळेची सहल घेऊन राजहंसगडावर गेलो होतो. पोरं पुढं पळाली, मी अर्ध्या चढावर थांबलो, छातीवर दगड ठेवल्यासारखं झालं. दोन मिनिटं उभा राहिलो, गेलं. मी म्हटलं वय झालं. मग घराचा जिना, मग बसस्टॉपला जाताना, असं करत करत वर्ष काढलं मी, आणि त्या वर्षाचा मला आजही पश्चात्ताप होतो. माझा पण ईसीजी नॉर्मलच होता. कारण ईसीजी काढला खाटेवर निवांत झोपवून, आणि त्रास होतो चढावर!

तुझे आप्पा शेतकरी आहेत ना, त्यांना असं समजावून सांग. पाईपलाईनमध्ये गाळ बसलाय, अर्धीअधिक चोंदलीय. एकच वाफा भिजवायचा असला तर पाणी पुरतं, कुणाला कळत पण नाही. सगळं रान एकदम भिजवायला घेतलं की शेवटच्या सरीला थेंब जात नाही. हृदयाला रक्त देणाऱ्या नळ्यांचं तसंच. बसलेल्या माणसाचं हृदय थोडं रक्त मागतं, ते मिळतं. चढ, ओझं, थंडी, राग, भरलं पोट, यात हृदयाचं काम वाढतं, मागणी वाढते आणि चोंदलेल्या नळीतून तेवढं येत नाही. मग हृदयाचा स्नायू कळवळतो, तीच ती आवळ. माझ्या डॉक्टरांनी मला पट्ट्यावर चालवलं, टीएमटी म्हणतात त्याला, चौथ्या मिनिटाला ईसीजी बदलला आणि सगळं बाहेर आलं. आप्पांना तो कागद खाली ठेवायला सांग.

जवारी_गडी

ताई टेन्शन घेऊ नका, आमच्या काकांना पण असंच छातीत व्हायचं, सगळ्या टेस्ट केल्या शेवटी अ‍ॅसिडिटीच निघाली. ओवा जिरं कोमट पाण्यातून द्या आणि रात्रीचं तिखट बंद करा, आमच्याकडं भाकरीबरोबर ठेचा लागतोच त्यानं पण होतंय.

फिजिशियन_बेळगाव

वरच्या दादांच्या काकांना अ‍ॅसिडिटीच असेल, त्यावर माझं काही म्हणणं नाही, पण त्यांनी आधी सगळ्या टेस्ट केल्या आणि मग अ‍ॅसिडिटी म्हटलं, हा क्रम लक्षात घ्या. इथं उलटं चाललंय.

ताई, मी एमडी मेडिसिन आहे, पेशंट न बघता निदान करणार नाही, पण तुमच्या लिहिण्यात आम्ही शोधतो त्या तिन्ही गोष्टी आहेत. छातीच्या मध्यभागी दाब किंवा आवळणं, ते श्रमानं किंवा मनाच्या ताणानं येणं, आणि थांबल्यावर काही मिनिटांत जाणं. तिन्ही असल्या तर या वयाच्या, बीपी आणि तंबाखू असलेल्या माणसात हृदयाचं म्हणूनच धरून चालायचं, दुसरं काही सिद्ध होईपर्यंत. याला अंजायना म्हणतात, मराठी पुस्तकात हृदयशूळ. विल्यम हेबर्डन नावाच्या इंग्रज डॉक्टरनं १७६८ साली लंडनमध्ये हे दुखणं पहिल्यांदा नीट मांडलं, तेव्हा ईसीजी नव्हता, काहीच नव्हतं, फक्त पेशंटचं ऐकून घेणं होतं. त्यानंही हेच लिहिलं की चालताना, त्यातही चढावर आणि जेवणानंतर येतं आणि उभं राहिलं की जातं. म्हणजे तुमच्या आप्पांनी बांधावर बसून जे सांगितलं ते अडीचशे वर्षं जुनं, खात्रीचं लक्षण आहे. गॅसचं दुखणं ओढ्याचा चढ बघून येत नाही, ते खाटेवर पडल्यावर पण येतं, वाकल्यावर येतं, तासन्‌तास राहतं. एका बोटानं दाखवता येणारी, दाबल्यावर दुखणारी, सुई टोचल्यासारखी कळ बहुतेक वेळा हृदयाची नसते. हृदयाचा पेशंट मूठ किंवा अख्खा तळवा छातीवर ठेवून दाखवतो. आप्पांना विचारून बघा, हात कसा ठेवतात.

श्रमावर असा त्रास होतो तेव्हा बहुधा मोठ्या नळीचा व्यास ७० टक्के किंवा जास्त बंद झालेला असतो, पण नेहमी तसंच असतं असं नाही. कधी नळी आकसते, कधी अगदी बारीक नळ्यांचा दोष असतो, हा दुसरा प्रकार बायकांत जास्त दिसतो. रक्त फार कमी असेल, थायरॉईड वाढलं असेल किंवा हृदयाची झडप अरुंद झाली असेल तरी तीच आवळ येते. म्हणून आधी हिमोग्लोबिन, साखर, कोलेस्टेरॉल, क्रिएटिनिन, थायरॉईड, मग इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, मग टीएमटी किंवा नळ्यांचा सीटी स्कॅन. अँजिओग्राफी, म्हणजे नळ्यांत रंगद्रव्य सोडून काढायची फिल्म, सगळ्यांना पहिल्याच दिवशी लागत नाही.

आता जे घरातल्या सगळ्यांना पाठ पाहिजे ते. आत्ता आप्पांचा त्रास ठराविक आहे, ठराविक चढाला येतो, बसल्यावर जातो. हे गणित बिघडलं, म्हणजे बसल्या जागी आलं, झोपेतून उठवलं, पूर्वीपेक्षा थोड्याच श्रमात यायला लागलं, दिवसातून चार वेळा यायला लागलं, तर ते अस्थिर अंजायना, त्याच दिवशी दवाखाना. आणि बसून पाच मिनिटं झाली तरी जात नाही, किंवा दरदरून घाम, उलटीची भावना, जीव घाबरा, तर तो हार्ट अटॅक समजून १०८ ला फोन. मोटरसायकलवर मध्ये बसवून नेऊ नका, आणि त्यांनी स्वतः गाडी चालवणं तर नाहीच. अ‍ॅस्पिरिनची अ‍ॅलर्जी नसेल, पोटात अल्सरचा रक्तस्राव नसेल तर ३०० मिलीग्रॅम अ‍ॅस्पिरिन चावून खायला द्या, नुसती गिळून नाही.

या आठवड्यातच दाखवा. तोवर भारा उचलणं बंद.

अथणीची_काकू

डॉक्टरांनी बायकांचं लिहिलं म्हणून राहवलं नाही. माझ्या सासूबाईंना छातीत कधी दुखलंच नाही हो. वीस वर्षांची साखर, आणि सकाळ-संध्याकाळ मिश्री. त्यांना फक्त चालताना दम लागायचा आणि खालच्या जबड्यात कळ यायची. आम्ही दाताच्या डॉक्टरांकडं नेलं, दाढ काढली, दाढ काढून पण जबडा दुखतोच. दुखायचा कधी, तर आडाचं पाणी शेंदून आणताना! घरात बसल्यावर नाही. हे आम्हा कुणाच्या लक्षात आलं नाही, मी रोज समोर होते तरी आलं नाही. एके दिवशी नुसता घाम आणि उलटी झाली, पित्त म्हणून लिंबूपाणी दिलं, सहा तास घालवले. वाचल्या, पण हृदयाचं पंपिंग तीस टक्क्यांवर आलं, नंतरची चार वर्षं त्या अंगणाच्या पलीकडं गेल्या नाहीत. साखर असलेल्या माणसाला दुखणं कळतच नाही म्हणतात ते खरं आहे. घरातल्या म्हाताऱ्या बायका सांगत नाहीत, काम करत राहतात, त्यांना विचारा की चढाला, पाण्याला, दळणाला जाताना काय होतंय. आणि मिश्री म्हणजे तंबाखूच, ती दाताचं औषध नव्हे.

मेडिकलवाला_चिकोडी

ताई, डॉक्टर बहुतेक सॉर्बिट्रेट लिहून देतील, ५ मिलीग्रॅमची जिभेखाली ठेवायची गोळी. काउंटरवर रोज बघतो की लोक चुकीची वापरतात म्हणून सांगतो.

गिळायची नाही, जिभेखाली विरघळू द्यायची. उभ्यानं घ्यायची नाही, बसून घ्यायची, कारण बीपी एकदम खाली येतं आणि माणूस कोसळतो, कधी कधी अटॅकपेक्षा पडण्यानंच जास्त लागतं. डोकं ठणकतं, चेहरा गरम होतो, त्याला घाबरू नका, गोळी काम करतेय, रक्तवाहिन्या सैल होतायत. पाच मिनिटांत कमी नाही झालं तर दुसऱ्या गोळीच्या नादात बसू नका, आधी १०८ ला फोन करा. आधीच चक्कर येत असेल, बीपी कमी असेल तर देऊ नका.

आणखी एक, लोक लाजतात पण मी लाजत नाही. पुरुषांनी ताकदीची गोळी, म्हणजे सिल्डेनाफिल घेतली असेल तर चोवीस तास आणि टाडालाफिल घेतली असेल तर अठ्ठेचाळीस तास सॉर्बिट्रेट चालत नाही, बीपी इतकं पडतं की जीव जाऊ शकतो. आयुर्वेदिक म्हणून विकल्या जाणाऱ्या पुड्यांत पण कधी कधी तेच मिसळलेलं असतं. डॉक्टरांनी विचारलं तर खरं सांगायचं.

आणि शेजाऱ्याची गोळी "छातीत दुखलं की घे" म्हणून वाटू नका. गोळीनं बरं वाटलं म्हणजे हार्टचंच होतं असंही नाही, अन्ननलिकेची पेटके पण तिनं कमी होतात.

वडगावची_लेक

मंडळी, तीन आठवड्यांनी लिहितेय, सगळ्यांचे खरंच उपकार आहेत. आप्पांना विचारलं कसं होतं दाखवा, त्यांनी मूठ आवळून छातीच्या मध्यावर ठेवली, भाऊ ते बघून गप्पच झाला, त्या दिवसापासून सोडा बंद. टीएमटीत पाच मिनिटांतच बदल आले. मग अँजिओग्राफी केली, उजव्या बाजूच्या एकाच नळीत ८० टक्के अडथळा, बाकी दोन नळ्यांत किरकोळ, डावीकडची मेन नळी साफ, पंपिंग ६० टक्के म्हणजे नॉर्मल.

पण तिथं एक झालं ते सांगते. आप्पा टेबलावर असतानाच आम्हाला बाहेर बोलावून सांगितलं की आत्ताच स्टेंट, म्हणजे नळी उघडी ठेवणारी जाळी, घालू, पाच मिनिटांत सांगा, नाहीतर कधी काय होईल सांगता येत नाही. आई रडायला लागली. मी हिंमत करून म्हटलं आम्हाला दोन दिवस द्या. आता दोन दिवसांचे पाच झाले आणि रोज वाटतं मी चूक केली का? माझ्या एका शब्दामुळं आप्पांना काही झालं तर?

फिजिशियन_बेळगाव

तुम्ही चूक केलेली नाही. फिल्म मी बघितलेली नाही, म्हणून दुसऱ्या कार्डिओलॉजिस्टला सीडी दाखवाच, पण तुम्ही लिहिलेल्या रिपोर्टवरनं यात पाच मिनिटांत ठरवायसारखं काही नव्हतं.

दोन वेगळ्या गोष्टी आहेत, लोक त्या एक करतात. हार्ट अटॅक चालू असताना नळी एकदम बंद झालेली असते, तिथं लगेच केलेला स्टेंट जीव वाचवतो, तिथं एक मिनिट घालवायचं नाही. पण ठराविक श्रमावर येणाऱ्या, स्थिर अंजायनात चित्र वेगळं आहे. २००७ साली करेज नावाचा अभ्यास आला, मग २०२० साली इस्केमिया नावाचा मोठा अभ्यास छापून आला, ३७ देशांतले ५,१७९ पेशंट, त्यात आपल्या भारतातले पण होते. अर्ध्या लोकांना चांगली औषधं आणि लगेच अँजिओग्राफी, मग स्टेंट किंवा बायपास, अर्ध्यांना आधी फक्त चांगली औषधं. तीन-सव्वातीन वर्षांनी एकूण मृत्यू आणि अटॅक यात ठळक फरक निघाला नाही. स्टेंटवाल्यांचा छातीतला त्रास मात्र जास्त कमी झाला, खास करून ज्यांना वरचेवर व्हायचा त्यांचा. म्हणजे अशा पेशंटमध्ये स्टेंट मुख्यतः त्रास कमी करायला, आयुष्य वाढवायला नाही. डावीकडच्या मेन नळीत मोठा अडथळा असलेले किंवा पंपिंग फार कमी असलेले लोक त्या अभ्यासात नव्हते, त्यांचा विचार वेगळा. तिन्ही नळ्या खराब आणि साखर असेल तर बायपास जास्त चांगली ठरते. आप्पांचं यातलं काहीच दिसत नाही.

मग आधी गोळ्या, आणि त्या गोळ्यांना कमी समजू नका. अ‍ॅस्पिरिन ७५ रक्त गोठू नये म्हणून. स्टॅटिन, कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट नॉर्मल असला तरी, कारण ती नळीतला साका शांत ठेवते, तो फुटू देत नाही. एलडीएल म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल ७०च्या खाली, जमलं तर ५५च्या खाली आणायचं. मेटोप्रोलॉलसारखी बीटा ब्लॉकर, तिनं नाडी ५५-६० वर राहते, हृदयाची मागणीच कमी होते. गुरुजींच्या भाषेत, पाईप तीच पण पाणी मागणारं रान कमी केलं. ही गोळी मनानं एकदम बंद करायची नाही, एकदम तोडली तर अंजायना उसळतो, अटॅक पण येऊ शकतो. आप्पांची "आठवण आली तर" ही पद्धत इथं अजिबात चालणार नाही. लागलं तर नळ्या सैल करणारी अ‍ॅम्लोडिपिन, लांब पल्ल्याची नायट्रेट, म्हणजे सॉर्बिट्रेटच्याच जातीची गोळी. नायट्रेट दिवसभर सारखी घेतली तर शरीर तिला सरावतं आणि ती काम करेनाशी होते, म्हणून रात्रीचे आठ-दहा तास मोकळे सोडतात. कागदावर सकाळी आणि दुपारी असं लिहिलं असेल तर तसंच द्यायचं, सोयीसाठी रात्री ढकलायची नाही. एवढं करूनही दोन-तीन महिन्यांत चढ चढता येत नसेल, तर स्टेंट आहेच की. तेव्हा शांतपणे, तारीख ठरवून करू.

आणि तंबाखू. बिडी सोडली ही मोठी गोष्ट केली त्यांनी, पण तोंडातली तंबाखू पण निकोटीनच देते, नाडी आणि बीपी वाढवते, नळ्या आकसवते. वखारीत आयुष्य गेलेल्या माणसाला हे सोडणं किती जड आहे ते मी माझ्या निपाणीच्या पेशंटांत बघतो. रागावून होत नाही, निकोटीनचं च्युइंगम मिळतं, तीन-चार आठवडे सोबत बसावं लागतं.

खानापूरचे_गुरुजी

पोरी, पैशाचं पण बघून ठेव, ऐनवेळी धावाधाव नको. बीपीएल रेशनकार्ड असेल तर आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक योजनेत घराला वर्षाला ५ लाखांपर्यंत आहे, पण ठरवून करायच्या ऑपरेशनला आधी सरकारी दवाखान्याचं रेफरल पत्र लागतं, इमर्जन्सीला नाही. लोक थेट खाजगीत जातात आणि मग कागदावरनं अडतं. तुमच्या गावाला कोल्हापूर चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर, बेळगाव त्याच्या जवळजवळ दुप्पट, त्यामुळं तुम्ही कोल्हापूरलाच पळणार. महाराष्ट्र सरकारनं महात्मा फुले योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू करायचं जाहीर केलंय, गाव यादीत आहे का आणि ते हॉस्पिटल घेतंय का हे आजच फोन करून विचार, रात्री दोन वाजता स्ट्रेचरजवळ उभं राहून नको.

आणि कर्नाटकात कन्नड नट पुनीत राजकुमार ४६ व्या वर्षी गेला, २०२१ साली, त्याच्या नावानं हृदय ज्योती योजना काढलीय. तालुका दवाखान्यात छातीत दुखणाऱ्याचा ईसीजी काढून मोठ्या हॉस्पिटलच्या डॉक्टरला दाखवतात आणि अटॅक असेल तर गुठळी विरघळवायचं महागडं इंजेक्शन फुकट देतात. आपल्या जवळच्या कुठल्या सरकारी दवाखान्यात ते मिळतं हे भावाला जाऊन बघून यायला सांग. शंभर किलोमीटर पळण्यापेक्षा पहिल्या तासात जवळ मिळालेलं ते इंजेक्शन मोलाचं.

वडगावची_लेक

दुसऱ्या डॉक्टरांनी पण हेच सांगितलं, आधी औषधं. दीड महिना झाला. आईनं गोळ्यांना तीन डब्या केल्यात, सकाळची दुपारची रात्रीची, आणि आप्पांच्या देखत मोजते. नाडी ५८ असते. ओढ्याचा चढ आता रिकाम्या हातानं एका दमात येतो, वैरण भाऊ आणतो. तंबाखू पूर्ण सुटली नाही, दिवसाला दोनदा वर आलीय, खोटं बोलणार नाही.

आता एकच विचारायचं आहे. चैत्रात जोतिबाच्या यात्रेला आप्पा दरवर्षी जातात, तिसऱ्या पिढीची सासनकाठी आहे आमच्या घरची. म्हणतात काठी धरणार नाही, पण जाणार. नको म्हटलं की जेवत नाहीत. पाठवू का?

फिजिशियन_बेळगाव

त्याआधी एकदा टीएमटी परत करून घ्या, त्यात चांगलं चालले तर पाठवा. डोंगरावर गाडी जाते, गाडीनं जाऊ दे. यात्रेचा मुख्य दिवस आणि भर दुपारचं ऊन टाळा. पायऱ्या जेवणाआधी, अध्येमध्ये बसत. पायऱ्या सुरू करायच्या पाच-दहा मिनिटं आधी बसून एक सॉर्बिट्रेट जिभेखाली ठेवली तर आवळ यायच्या आधीच अडते, पण हे त्यांच्या डॉक्टरांना विचारून, आणि त्या दिवशीचं बीपी बघून. सोबत भाऊ पाहिजेच, आणि गोळी भावाच्या पाकिटात नाही, आप्पांच्या बंडीच्या खिशात. गर्दीत चुकामूक होते.

वडगावची_लेक

बंडीला आतून खिसा शिवायला आईला सांगितलंय.